पोलादाचा शेवटचा तुकडा

तीर्थस्वरूप मामांस, तुमच्या लाडक्या (मामींच्या मते लाडावलेल्या) भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? जिना चढता, की अजून खालूनच मामींशी भांडता? इकडे सगळे मजेत. काळजी फक्त एका दांड्याची आहे, पण ते ओघात येईलच.

आमच्या कारखान्यातलं मोठं यंत्र सगळं आपलं आपण करतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी लोखंड आत ठेवतो, दार लावतो, हिरवं बटण दाबतो आणि काचेतून कौतुकानं बघत बसतो. (कागदोपत्री याला ‘कुशल कारागीर’ म्हणतात.) गेल्या मंगळवारी त्या यंत्राच्याच पोटातला दांडा मोडला. नवा यायला दीड महिना. साहेब म्हणाले, कोपऱ्यातल्या जुन्या लेथवर हातानं करून घेऊ. (त्या लेथवर आम्ही आजवर डबे आणि छत्र्या ठेवत आलो.) चालवता कोणाला येतो, असं विचारल्यावर सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण नोकरीच्या अर्जात मी ‘मामांच्या हाताखाली पाच वर्षं लेथकाम’ असं ठोकून दिलं होतं. तुम्हाला आठवत असेल, ते पाच महिने होते, आणि त्यातले चार मी गप्पा मारल्या.

तर लेथ चालू केला आणि सवयीनं हाताची घडी घालून उभा राहिलो. लोखंड गरगर फिरतंय, हत्यार जागच्या जागी, मी बघतोय. चांगली सात मिनिटं गेल्यावर साहेबांनी विचारलं, “काय चाललंय?” म्हटलं, “तापू देतोय.” मग हत्यार पुढे-मागे सरकवायचं चाक धरलं. काप जरा खोल गेला म्हणून चाक दोन रेघा मागे घेतलं, कारण आमच्या यंत्राला दोन सांगितलं की ते दोनच मागे जातं. जुन्या लेथचं चाक उलटं घेतलं की आधी पाव फेरा नुसतंच मोकळं फिरतं, हे तुम्ही मला शंभरदा सांगितलं होतं. शंभरही वेळा मी हो म्हणालो होतो. हत्यार तसूभरही हललं नाही आणि दांडा बारीक झाला. दुसऱ्याचंही तेच. तिसरा मधे फुगला नि टोकांना निमुळता झाला. तो मी घरी आणला. बायको त्याचं लाटणं करून वापरते आणि माझ्याकडे बघून हसते.

आता चांगल्या पोलादाचा एकच तुकडा उरलाय. सोमवारी तो लावायचा. तोही बिघडला तर यंत्र दीड महिना बंद आणि मी कायमचा. खरं सांगतो मामा, भीती वाटते. पण तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, मी निभावून नेईन. मामींना नमस्कार.

तुमचा,
कुशल कारागीर

ता. क. : दांड्याची जाडी मोजायला तुमचा जुना कॅलिपर मिळेल का?

ता. क. २ : पार्सलनं नको, हरवेल. तुम्हीच घेऊन या. रविवारच्या गाडीचं तिकीट सोबत जोडलंय, खिडकीजवळचं. (साहेबांना सांगून ठेवलंय, की मामा माझं काम बघायला येताहेत.)

ता. क. ३ : हात थरथरतो म्हणून नाही म्हणू नका, मामींनी मला सगळं सांगितलंय. चाक मी फिरवीन. तुम्ही शेजारी उभे राहून नुसता कापाचा आवाज ऐका, आणि चुकलो की पूर्वीसारखी पाठीत थाप मारा. थाप थरथरली तरी मला कळेल.