तंबूला दोन दारं

१४ सप्टेंबर १९५३, मालवण

सासूबाईंनी आज पुन्हा देवीला कौल लावला. हे पलटणीबरोबर कोरियात. सुखरूप येतील का? उजवी पाकळी पडली, म्हणजे होय. बरं वाटलं! लगेच माझाही — हिने मास्तरीण व्हायला रत्नागिरीला शिकायला जावं का? डावी. गुरव म्हणाले, देवी नको म्हणते. झालं! विषय संपला.

३ नोव्हेंबर

पेपरात कोरियाचा नकाशा. लढाई थांबली, घरी परत जायला नको म्हणणारे कैदी तेवढे अडकलेत. पहाऱ्याला आपले जवान — आपण कुणाच्याच बाजूचे नाही म्हणून! नकाशात उगाच मालवण शोधलं.

८ मार्च १९५४

हे आले!! वाळलेत फार.

जेवताना सांगत होते. एकेका कैद्याला तंबूत नेत. त्याच्याच मुलखाचे साहेब समजूत घालत, चल घरी. घरी साम्यवाद्यांचं राज्य. तंबूला दोन दारं. एका दारातून घर, आईबाप. दुसऱ्यातून परका मुलूख, पुन्हा भेट नाही. कुणी रडे, कुणी खुर्ची उगारी. छावणीत त्यांचेच पुढारी घरी जाऊ नका म्हणून दम देत, तरी दारापाशी माणूस एकटाच. ह्यांचं काम एवढंच — त्याला कुणी ओढू नये.

राज्य कसं असावं एवढ्या एका विचारापायी माणूस आईला सोडतो! माझा घास हातातच राहिला. थोडेजण तर दोन्ही दारं नको म्हणाले. ते आपल्या देशात आलेत, कधी न पाहिलेल्या!

सासूबाईंनी विचारलं, "त्येंका कौल कोणी दिल्यान?"

"कोणीच नाय, आये. त्येंकाच इचारला."

मला झोप कसली येते!

१९ मार्च

ह्यांना बेळगावला क्वार्टर मिळालंय, मला न्यायचं म्हणतात. सासूबाईंना मी इथेच हवी. उद्या कौल. माझ्या जिवाला नुसता घोर.

२० मार्च

गुरव पाकळ्या लावणार, तोच हे म्हणाले, थांबा. माझ्याकडे वळले.

"तुका खंय जावचा आसा गो? घराक की बेळगावाक?"

मी म्हटलं, "रत्नागिरीक."

ह्यांचा चेहरा उतरला होता. सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. तो ह्यांनी हळूच सोडवला.