वहिवाट नाही

मुंबई,
ता. ९ ऑगस्ट १९५९

तीर्थरूप केसरबायच्या पायांवर सदाचं डोकं.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. मी इथे बरा आहे. खोकला गेला. खानावळीत आता दुसऱ्यांदा भात वाढायला कुरकुर करत नाहीत, तेव्हा माझ्या पोटाची काळजी सोड. तुळशीराम भावोजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, नारळी पुनवेनंतर होडी लोटायला तुम्ही पुढे होऊ नका, तरणी माणसं मेली नाहीत अजून.

तात्या मास्तर, नेहमीप्रमाणे हे पत्र तुम्हीच बायला वाचून दाखवणार. मला बाराखडी तुम्ही शिकवलीत, म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. यातलं काही गाळू नका. पडवीत बायका जमल्या असतील तर बसू द्या.

बाय, तू दरवेळी विचारतेस, "एम.कॉम. म्हंजे शिकतोस तरी काय रं?" आणि मी उडवून लावतो. आज सांगतो. कुणाला धंद्यासाठी जागा घ्यायची असली, गोदामाला म्हण, कारखान्याला म्हण, तर तिच्यात घातलेला पैसा सुटेल की बुडेल, हे आधी तपासायचं. होडी घेताना भावोजी फळी न् फळी ठोकून बघतात, तसंच. जागा कोणाच्या नावावर, रस्ता किती लांब, गोडं पाणी आहे का. आणि दुसऱ्या कोणाची तिच्यावर वहिवाट आहे का. वहिवाट निघाली की भाव निम्म्यावर येतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्याला सहजी उठवता येत नाही. एक खरी जागा निवडून तिच्यावर प्रबंध लिहायचा होता.

गेल्या वर्षी आषाढात मी आलो होतो. तू म्हणालीस, सण ना वार, हा कसा उगवला? किनाऱ्यावरच्या मोकळ्या जागेची मापं घ्यायला आलो होतो. फितीचं दुसरं टोक तूच धरलंस, भर पावसात, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतीस, "भाव हाय माजा, कालेजाचा अभ्यास करतोय."

आषाढात ती जागा मोकळीच असते. होड्या वर ओढलेल्या, बोंबील टांगायच्या बांबूच्या वलांड्या सोडून माळ्यावर टाकलेल्या. परका माणूस बघून म्हणेल, पडीक आहे. मी परका नव्हतो.

आता तुझ्या पत्राकडे येतो. चार दिवस त्याला बगल देतोय.

तू लिहिलंस, बर्फाच्या कारखान्यासाठी मुंबईच्या शेटने ती जागा मालकाकडून घेतली, पुनवेआधी तारेचं कुंपण पडणार. कोळीवाड्याने अलिबागच्या कचेरीत हरकत घेतली, तर शेटच्या माणसाने टाइप केलेला कागद पुढे केला, की या जागेवर कोणाचीही वहिवाट नाही. त्याच्याखाली नाव कोणाचंच नाही. मग तुझं बोलणं मास्तरांनी जसंच्या तसं उतरवलंय: "सदा, तू शिकलेला हायेस. त्यो कागूद कोना मेल्यानं लिवला त्ये हुडकून काढ, नि कचेरीत येऊन त्याचं त्वांड बंद कर."

बाय, तो मेला मी.

माझ्या प्रबंधाचं एकविसावं पान आहे ते. आमच्या सरांची शेटकडे ऊठबस. त्यांनी प्रबंध शेटला वाचायला दिला, शेटने हवं ते पान उतरवून घेतलं. चैत्रात शेटच्या पेढीवरून मला नोकरीचं बोलावणं आलं, तेव्हाच मला हे कळलं होतं. मी गप्प बसलो. तू कोळीवाड्यात पेढे वाटलेस, तरी गप्प बसलो.

चूक झाली असं म्हणायलाही मला तोंड नाही. वहिवाट लिहायची तर वापरणाऱ्यांची नावं द्यावी लागतात. पहिलं नाव केसर, त्याच्या आधीचं आपल्या आईचं, नीराबाईचं. सर विचारणार, या तुमच्या कोण? इथे सगळ्यांना वाटतं, आमची किहीमला नारळाची वाडी आहे. मीच तसं सांगितलंय. तू पाठवलेले सोडे मी खोलीत कोणासमोर उघडत नाही. मला लाज वाटत होती बाय, तुझी आणि त्या वासाची. खरी वहिवाट लिहिली असती तर प्रबंधाचा निष्कर्षच फिरला असता, हेही होतंच. पण आधी लाज.

गुरुवारी सरांकडे गेलो. ते म्हणाले, "तू गेलास त्या दिवशी जागा मोकळी होती ना? मग खोटं काय लिहिलंस?" मग चहा देऊन शांतपणे म्हणाले, स्वतःचाच प्रबंध खोटा म्हणालास तर पदवी विसर, पेढीवरची नोकरीही विसर.

काल मी अलिबागच्या प्रांतसाहेबांना रजिस्टरने जबानी पाठवली. एकविसावं पान मी जाणूनबुजून खोटं लिहिलं, त्या वाळूवर माझी बहीण वीस वर्षं बोंबील वाळवते, तिच्या आधी आई वाळवायची, असं स्पष्ट लिहिलंय. एक नक्कल विद्यापीठाला गेली. सुनावणी शुक्रवारी आहे. मी गुरुवारच्या लाँचने रेवसला उतरतो. कुंपण थांबेल की नाही, देव जाणे. शेटचा वकील म्हणेल, हा बहिणीसाठी उलटला. पदवी मात्र गेली, ते नक्की. त्या पदवीसाठी तू पंधरा वर्षं उन्हात पाठ भाजून घेतलीस. आधी तुझी जागा घालवली, आणि ती परत मागायला निघालो तर तुझी ही कमाईही घालवून बसलो. कोणत्या तोंडाने तुझ्यासमोर उभा राहू, कळत नाही.

हे तुला विचारून करायला हवं होतं. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "जाऊ दे रं, वलांड्या काय कुटंपन बांदू, तू तुजं शिक्षान सोडू नको." आणि मी ऐकलं असतं. मला माझी ओळख आहे, मी नक्की ऐकलं असतं. म्हणून आधी पाकीट टपालात टाकलं, आणि मग तुला लिहायला बसलो.

तुझ्या कष्टांवर शिकून तुझ्यावरच उलटलेला,
सदा