आंबेहळदीचा लेप

प्रिय संपदा,

तुला ‘प्रिय’ म्हणायचा अधिकार मला उरलाय का, ते तू ठरव. मी तरी लिहिलं. खालच्या मजल्यावरची स्मिता उद्या तुला वकीलबाईंच्या ऑफिसात भेटणार आहे, तिच्या पिशवीतून हे पाठवतेय. फोन केला असता, पण माझा फोन धनंजय ऑफिसातून आला की हातात घेतो. कोणाचा आला, कोणाला केला, सगळं बघतो आणि वर म्हणतो, आई, तुझ्या फोनची बॅटरी लवकर उतरते गं. म्हणून कागद. ईशानीच्या ड्रॉइंगच्या वहीतली मागची कोरी पानं फाडली आहेत, तिला सांगू नकोस, रडेल.

इकडचं विचारशील तर घर आहे तसंच आहे. तुझी कढीपत्त्याची कुंडी मी गॅलरीतून आत घेतली, बाहेर वारा फार सुटतो आणि पानांवर वाळू बसते. धनंजय माझ्याशी इतका चांगला वागतो की मला त्याचीच भीती वाटते. परवा पपई आणली, कापूनसुद्धा दिली. माझ्या बीपीच्या गोळ्या संपायच्या आधी हजर. अबुधाबीत मुलाकडे राहून आलेल्या गावच्या बायका असंच काहीतरी सांगायच्या, मुलगा काही कमी पडू देत नाही म्हणून. खरंच काही कमी पडू देत नाही. फक्त जेवताना मधेच म्हणतो, आई, अजून चार दिवस, मग खलास, सगळं पहिल्यासारखं होईल. मी मान हलवते. संपदा, मी मान हलवते गं, दुसरं काही येतच नाही मला.

ते चार दिवस म्हणजे तुझ्या प्रोटेक्शन ऑर्डरचे उरलेले दिवस, हे मला कळतं. तीस दिवस त्याने तुझ्या आणि ईशानीच्या जवळ फिरकायचं नाही, असा तो कागद आहे. गुरुवारी कोर्टातले साहेब बघणार, मुदत वाढवायची की नाही. स्मिताने मला नीट समजावून सांगितलं. पुरावा नाही, साक्षीदार नाही, तर वाढवायला आधार काय? आणि नाही वाढवली तर हा सरळ तुमच्या दारात येऊन उभा राहील. तुझा व्हिसा त्याच्या नावावर, तो रद्द करीन असं तो फोनवर कोणालातरी हसत सांगत होता. ईशानीचा पासपोर्ट त्याच्या कपाटात. मी कपाटाची किल्ली शोधली. खरंच शोधली. सापडली नाही.

साक्षीदार नाही, असं मी लिहिलं खरं.

त्या दिवशी पोलिसातल्या बाईंनी मला आत बोलावलं तेव्हा तू बाहेर बाकावर ईशानीला घेऊन बसली होतीस. दुभाषी मुलगी चांगली होती, हिंदीत हळू हळू विचारत होती, माताजी, आपने कुछ देखा? अंगणवाडीत सव्वीस वर्षं काढली मी. महिलांसाठीच्या हेल्पलाइनचं पोस्टर लांज्याच्या आमच्या वर्गाच्या दाराला मीच खळ लावून चिकटवलं होतं. बायकांना गोल बसवून सांगायचे, घाबरू नका, बोला, कायदा तुमच्या बाजूने आहे. आणि मी स्वतः तिथे काय बोलले? मैं किचन में थी. खोटं नाही बघ. किचनमध्येच होते. पण आपल्या या घरातल्या किचनला दारच नाही, ओटा सरळ हॉलमध्ये उघडतो, हे त्या बाईंना कुठून माहीत असणार. त्यांनी लिहून घेतलं, मी अंगठा उमटवला, बाजूला सही केली. बाहेर आले तर ईशानीने विचारलं. विचारलं कुठे, सांगितलंच. यू सॉ, आजी. एरवी तिचं इंग्रजी माझ्या डोक्यावरून जातं, पण ते दोन शब्द मला कळले, आणि तेव्हापासून भांडी घासताना, जप करताना ते कानात आहेत.

पण त्याहून वाईट गोष्ट सांगायची आहे. ती तुलाही पूर्ण माहीत नाही.

मी येताना आंबेहळद आणली होती, आठवतं ना, दोन मोठी पाकिटं. गुडघ्याला, मुरगळण्याला, मुक्या माराला आपल्याकडे दुसरं काय लावतात? पहिल्यांदा तुझ्या दंडावर सूज बघितली तेव्हा तू दाराची कडा लागली म्हणालीस. मी ओट्यापाशी उभी राहून सगळं बघितलं होतं, तरी विश्वास ठेवल्यासारखं केलं. आंबेहळद उगाळली, थोडं रक्तचंदन घातलं, कोमट करून लावली. तू डोळे मिटून बसलीस आणि म्हणालीस, आई, तुमच्या हाताला गुण आहे. केवढं बरं वाटलं मला. वाटलं, सून म्हणते बाई, आपण अगदीच टाकाऊ नाही.

दुसऱ्या वेळेला तुझ्या जबड्याखाली उठलं होतं. संक्रांतीचं मंडळाचं हळदीकुंकू तोंडावर आलेलं. मी दिवस मोजले. खरं सांगते, तुला किती दुखतंय हे नंतर आलं माझ्या मनात, आधी आलं ते हे की अकरा दिवसांत जाईल का. दिवसातून तीनदा लेप लावला. हळदीकुंकवाला तू जांभळी साडी नेसून गेलीस, तिळगूळ वाटलास, मंडळातली आभाची आई म्हणाली, संपदाचा चेहरा कसा उजळलाय. माझा जीव भांड्यात पडला. विधवा म्हणून मी घरीच थांबले होते, पण तू येऊन ते सांगितलंस तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. अगं, कशाबद्दल साखर ठेवली मी?

तिसऱ्या वेळेला तू हॉस्पिटलला जायचं म्हणालीस. पाठीवर वळ होते, हात वर होत नव्हता. तू पर्स घेऊन दारापर्यंत गेली होतीस, मी आडवी आले. म्हटलं, बाई गं, चार दिवस थांब, सूज उतरू दे, डोकं थंड होऊ दे, मग आपण दोघी जाऊ. तू माझं ऐकलंस. त्याचं नाही, माझं ऐकलंस. चार दिवस मी तुझ्या पाठीला लेप लावला, मन लावून लावला. पाचव्या दिवशी तू ईशानीला शाळेतून घेतलंस आणि परस्पर पोलिसात गेलीस, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंना पाठीवर फक्त पिवळट डाग दिसले. माराचा पिवळा की हळदीचा पिवळा, तेही त्यांना सांगता येईना. तुझ्या रिपोर्टमध्ये जे ‘ठोस काही दिसत नाही’ लिहिलंय ना, ते माझ्या हाताचं काम आहे.

तू म्हणशील, आई भोळ्या, जुन्या वळणाच्या, त्यांना काय माहीत. तसं म्हणू नकोस. त्या तिसऱ्या वेळेला तू दाराकडे जायच्या आधी धनंजय किचनमध्ये आला होता. मला म्हणाला, आई, हॉस्पिटलला नको, इथे डॉक्टर लगेच विचारतात आणि पोलिसांना कळवतात. तुझा लेप लाव, त्याने जातं. असं म्हणून पाकीट त्यानेच वरच्या फळीवरून काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. आणि मला एकदम आठवलं, निघायच्या आधी गावी फोनवर हाच म्हणाला होता, आंबेहळद जरा जास्त आण, इथे चांगली मिळत नाही. मला वाटलं होतं, ईशानी पडते-धडपडते, तिच्यासाठी. म्हणजे हे मी यायच्या आधीपासून चालू होतं, आणि मला बोलावलं होतं ते नातीत रमायला नाही. हे सगळं मला पाकीट हातात घेताना कळलं. कळलं आणि तरी मी सहाण घेतली. म्हणून सांगते, मला भोळी म्हणू नकोस, ते फार सोपं होईल मला.

का केलं, विचारशील. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी रामचंद्रांनी, म्हणजे तुझ्या सासऱ्यांनी, मला मागच्या पडवीत मारलं होतं. माझ्या सासूने रात्रभर जागून लेप लावला. सकाळी म्हणाली, आता विहिरीवर जा, काही दिसत नाही. मी आयुष्यभर त्या बाईला देवासारखं मानलं. चाळीस वर्षं लोकांना सांगत आले, माझ्या सासूने मला पोटच्या पोरीसारखं जपलं. काही दिसत नाही, यालाच मी जपणं समजले. धनंजय तेव्हा पोटात होता. हे त्याची बाजू घेऊन सांगत नाही. त्याची बाजू घेतेच आहे मी इतके दिवस, आणखी काय घेऊ? तो मारतो, हे मनात म्हणतानासुद्धा मी त्याला लहानपणीच्या नावाने हाक मारते. मला राग येतो माझाच. पण त्याच्या ताटात पहिली गरम भाकरी अजूनही मीच वाढते, आणि हात आपोआप तूप घेतो.

आता हे आजच का लिहितेय ते सांगते. धनंजयने माझं बुधवारचं तिकीट काढलं आहे. व्हिसा संपत आला हे कारण, पण तारीख गुरुवारच्या आदल्या दिवसाची आहे, इतकं मलाही कळतं. वकीलबाईंनी मला परत बोलवायचं ठरवलं तर मी इथे नसावं, एवढंच. स्मिता म्हणाली, मावशी, आत्ता माझ्याबरोबर खाली चला, टॅक्सी करू, जाऊन खरं सांगून या. मी चपला घातल्या. लिफ्टपर्यंत गेले. लिफ्ट आली, उघडली, बंद झाली, आणि मी परत आले. स्मिताला म्हटलं, मग लिहून देते. ती म्हणाली, कागद अरबीत करून घ्यावा लागेल, शिक्का लागेल, आणि माणूस समोर नसेल तर तो धरतील की नाही, तिला माहीत नाही. मलाही माहीत नाही. तरी घे. मला तारखा तिथीने लक्षात राहतात, इंग्रजी तारखा स्मिताने तिच्या कॅलेंडरवरून बाजूला लिहिल्या आहेत. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, संध्याकाळी, उद्यापन झाल्यावर: दंड पिरगळला आणि भिंतीवर ढकललं. पौषातली संकष्टी, चंद्रोदयाच्या आधी: तोंडावर मारलं, दोनदा. रथसप्तमीचा दुसरा दिवस, सकाळी, ईशानीची शाळेची बस गेल्यावर: पट्ट्याने पाठीवर मारलं, किती वेळा ते मी मोजलं नाही, मी नळ सोडला होता. मी सगुणा रामचंद्र, वय त्रेसष्ट. धनंजय माझा एकुलता एक मुलगा आहे. त्याने माझ्या सुनेला मारलं, हे मी तिन्ही वेळा माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हे वाक्य मला त्याच्यासमोर म्हणता येणार नाही. काल घरात कोणी नसताना, नुसतं भिंतीकडे बघून म्हणून पाहिलं, तर ‘धनंजय’पर्यंत आले आणि पुढे आवाजच फुटला नाही.

तुझीच,
सगुणा