व्हॉल्यूम डर्टी आहे म्हणे

सोमवार, दुपार
मी काहीही केलेलं नाही, हे आधी लिहून ठेवते. इस्त्रीला जागा नव्हती म्हणून भिंतीतली एक पिन काढली. ती सूनबाईच्या कॉम्प्युटरची निघाली. लगेच परत लावली. पडद्यावर काळोख आणि पळणारी पांढरी इंग्रजी अक्षरं. सूनबाई घरांचे नकाशे काढते. शुक्रवारी एका शाळेचे द्यायचेत, सगळे त्या डब्यात.
वॉशिंग मशीनच्या भानगडीनंतर मुलगा म्हणाला होता, आई, आता एक जरी वस्तू बिघडली तर तुला ताईकडे पोचवतो. ताई माझीच लेक. तिच्या घरी मला खुर्चीवरसुद्धा विचारून बसावं लागतं.
ठरलं. वीज गेली होती.

सोमवार, संध्याकाळ
सूनबाई म्हणाली, वीज गेली की ओव्हनचं घड्याळ लुकलुकतं, आज तर बरोबर चाललंय. म्हटलं, त्याला सवय झाली असेल. ती हसली नाही.
दुरुस्तीवाल्याला फोनवर पडद्यावरचं वाचून दाखवलं तिने. व्हॉल्यूम डर्टी आहे म्हणे. डर्टी मला कळतं. या घरात रोज फडकं कोण फिरवतं?
आता तपासणी चालू आहे. टक्के मोजतंय. "आई, शंभर होईपर्यंत हात लावू नका." मी कशाला लावते.

मंगळवार, सकाळ
अकरा टक्के. सूनबाई बाहेर गेलीय. अजून अकराच. डर्टी असेल तोवर सरकणार कसं? व्हॉल्यूम म्हणजे आवाज, टीव्हीच्या रिमोटवर असतो. डब्याच्या जाळीतून घूं घूं येतंय आणि जाळीत बोटभर धूळ. ओलं फडकं घेतलं, जरा साबण. हात नाही लावला. फडकं लावलं.

थोड्या वेळाने
घूं घूं बंद. पडदाही बंद. पाणी जरा जास्त झालं असावं. वरून टॉवेल टाकलाय, म्हणजे झोपल्यासारखा दिसतो.
ठरलं. चहाच्या वेळी सगळं सांगून टाकायचं.

चहानंतर
चहा छान झाला होता. त्यात कुठे हा विषय काढायचा.

बुधवार
दुरुस्तीवाल्याने डबा उघडून नाक आत घातलं. साबणाचा वास येतोय म्हणाला. म्हटलं, स्वच्छ घराला येतोच. मग मलाच शिकवायला लागला, "आजी, व्हॉल्यूम म्हणजे फाइली ठेवायचा कप्पा, आणि डर्टी म्हणजे मळकं नव्हे. मध्येच बंद पडलं, लिहिणं अर्धवट राहिलं, कुठली फाइल कुठे ठेवली ते यंत्राला आठवेना." मग तसं म्हणायचं. लोकांच्या साफसफाईवर कशाला जायचं?
डबा वाळवून चालू केला त्याने. फाइली वाचल्यात, नावं गेलीत. पोरक्या फाइली म्हणतात त्यांना. शेकड्यांनी आहेत, एकेक उघडून ओळखायची. कॉपी असेल ना, त्याने विचारलं. होती. त्याच डब्यात. मी जीभ आवरली, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही.
सूनबाई रडेल असं वाटलं. रडली नाही. ओरडलीही नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

गुरुवार
मदतीला बसले. ती फाइल उघडते, मी ओळखते. हा जिना, हा संडास. "आई, तो वर्ग आहे." एवढासा? असो. माझ्यावाचून अडतं हे तिला कळलं असावं.
मुलगा आतल्या खोलीत फोनवर, दबक्या आवाजात. "ताई" एवढंच ऐकू आलं. बहीणभावांनी बोलू नये का? जेवण मात्र गेलं नाही.

शुक्रवार
नकाशे शाळेकडे गेले. एक मजला सापडलाच नाही, सूनबाईने नव्याने काढला.
मुलगा म्हणाला, आई, तू दमलीस, पंधरा दिवस ताईकडे आराम कर. मला बदल हवाच होता. पंधरा दिवस कसे जातील कळणारही नाही. बॅग सूनबाईने भरली, मला वाकू दिलं नाही. जीव आहे तिचा माझ्यावर.
आत्ता चेन उघडून बघितली. तळाशी दोन्ही स्वेटर आहेत. कानटोपीही आहे.
थंडीला अजून सहा महिने आहेत.