सरव्याचे तांदूळ

सेंदांगसारी,
शनिवार वागे, ७ ऑगस्ट १९७६

प्रिय सुप्रिहताई,

धाकट्या वाकिनाहचा सलाम. समोर असतीस तर तुझ्या गुडघ्यांवर डोकं टेकवलं असतं, आता कागदावरच टेकवते. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. दाजींचा ताप उतरला का? मुलांना सांग, जावातल्या मावशीने आठवण काढली आहे.

घरची बातमी म्हणशील तर आपल्या घराला विटांची भिंत झाली. फक्त पुढून हं! बाकी तिन्ही बाजूंना आईच्या वेळची तीच बांबूची तट्टी. आमचे हे रोज संध्याकाळी रस्त्यात उभे राहून भिंत न्याहाळतात आणि तेवढ्यात मागच्या भोकातून कोंबड्या घरात शिरतात.

आईच्या कबरीवरचं गवत काढलं, फुलं वाहिली. उपवासाचा महिना तोंडावर आलाय. तू ईदेला गावी येणार म्हणून लिहिलंस. मला विचारशील तर यंदा राहू दे. बोटीला मरणाची गर्दी असते, दाजी आत्ताच आजारातून उठलेत. पुढच्या वर्षी निवांत या.

पिकाचं विचारलं होतंस. पीक छान आलं. तू मला कसायला दिलेल्या तुकड्यात तर लोंब्या इतक्या वाकल्या होत्या की बांध दिसत नव्हता. कापणी झाली.

सोमवार लेगी

वरचं पत्र परवा पाकिटात घालणार होते. बरं झालं घातलं नाही. आता कापणी कशी झाली ते लिहायला बसले आहे आणि मघापासून दोनदा उठून चूल सारखी करून आले. चुलीला काहीही झालेलं नाही.

समुद्र ओलांडून लाम्पुंगला जाताना तू बजावलेलं मी विसरले नव्हते. बोटात सुरी धरून जी बाई बांधावर येईल तिला लोंब्या खुडू द्यायच्या, तिचा वाटा तिला द्यायचा, कुणाला परत पाठवायचं नाही. आणि पाटाच्या तोंडाजवळचा कोपरा रेबीमावशीचा. तू तान्ही असताना आई तापाने पडली, तेव्हा रेबीमावशीने तुला अंगावर पाजलं, म्हणून तो कोपरा तिचा. हे सगळं मला ठाऊक होतं.

पण ताई, गेल्या हंगामात तुझ्या त्या रुमालाएवढ्या शेतात अख्खं गाव उतरलं. वाटे देता देता माझ्या नाकी नऊ आले. पलीकडच्या गावात आता सगळे उभं पीकच व्यापाऱ्याला विकतात. तो आपली माणसं आणतो, ती विळ्यांनी सपासप कापतात, पोती भरून घेऊन जातात. गावातल्या बायांनी बांधावर पायसुद्धा ठेवायचा नाही. यांनी महिनाभर माझ्यामागे हेच टुमणं लावलं होतं. पण यांच्यावर ढकलत नाही. भिंत मलाही हवी होती, आणि व्यापाऱ्याने आगाऊ दिलेल्या पैशांत ती कापणीआधीच उभी राहिली.

बायांनी विचारलं, “वाकिनाह, कधी उतरायचं गं शेतात?” मी म्हटलं, “क्लिवोनला या.” व्यापाऱ्याला बोलावलं आदल्या दिवशी, वागेला. दर पाचव्या दिवशी वागे आली की आपला बाजार असतो, गावात औषधालासुद्धा बाई उरत नाही. हे मी पुरतं ठरवून केलं.

व्यापाऱ्याच्या माणसांचं काम मात्र लांबलं. दुपारी बाया पाठीवर टोपल्या घेऊन बाजारातून परत आल्या, तेव्हा शेवटची पोती बांधणं चाललं होतं. जुमिराहचा आवाज तुला माहीत आहे. ती लांबूनच ओरडली, “अगं बाई, शेत चोरीला गेलं! वाकिनाह, कुठं मेलीस? धाव गं!” सगळ्या खो खो हसल्या. मग जवळ आल्या, पोत्यांजवळ मी उभी दिसले आणि हसू विरलं.

तुगिनेम म्हणाली, “क्लिवोन उद्या ना गं? का मीच वार विसरले?”

त्या वेळी मी काहीही बोलू शकले असते. व्यापाऱ्याची घाई होती, पाऊस येईल असं वाटलं, काहीही. मी काय बोलले ते लिहिते. मी म्हटलं, “माझं काय चालतंय? तुकडा ताईचा. तिचाच निरोप आला लाम्पुंगहून, व्यापाऱ्याला देऊन टाक म्हणून.”

तुझं नाव घेतलं, ताई. विचार करून नाही, पण जीभ अडखळलीही नाही. तू समुद्रापलीकडे, तुला कोण विचारायला येतंय, असं वाटलं. म्हणून परवा लिहिलं, येऊ नकोस. बोटीची गर्दी, दाजींचा आजार, ते सगळं माझ्या भीतीने लिहिलं. तू आली असतीस आणि जुमिराहने पहिल्याच दिवशी तुला बांधावर गाठलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेबीमावशी कापलेल्या शेतात वाकून सरवा वेचत होती. पाठोपाठ बाकीच्याही आल्या. विळ्याने कापलं की खाली बरंच सांडतं. मी नव्या भिंतीआडून बघत होते. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण आपल्या गावात कोण कुणाला तोंडावर बोलतं? चार दिवसांनी जुमिराह आली, विटांवर हात फिरवला आणि म्हणाली, “छान गारेगार आहे हो.” लहानपणापासून जी मला ‘काय गं वाके’ म्हणायची, ती म्हणाली ‘हो’. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

काल रेबीमावशी आली. काखेत फडक्याचं गाठोडं. पायरीवर बसली, पाणी प्यायली, मग गाठोडं माझ्याकडे सरकवलं.

“लाम्पुंगला जाणारं कुणी निघालं की त्याच्याबरोबर धाड. सुप्रिहला.”

“काय आहे, मावशी?”

“तांदूळ. सरव्याचेच आहेत. माझे, जुमिराहचे, तुगिनेमचे, सगळ्यांनी थोडे थोडे घातलेत. आधी कुरकुरत होत्या मेल्या, पण मी म्हटलं, मुकाट्यानं घाला. दोनदा पाखडलेत, खडा लागायचा नाही.”

“पण तिला कशाला?”

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच खुळी. “अगं, माझ्या अंगावर प्यायलेली पोर ती. तिचा हात असा आखडायचा नाही. तिकडं खायचे हाल असल्याशिवाय ती असला निरोप धाडेल? ती काही कळवायची नाही, पहिल्यापासून मानी. तू बहीण ना? तुझ्या लक्षात यायला नको?”

मी म्हटलं, “पाठवते.” आणि गाठोडं घेतलं, ताई. माझे हात पुढे झाले आणि मी ते घेतलं.

रात्र कशी गेली ते लिहीत नाही. आज उजाडल्यावर गाठोडं उचललं आणि तिच्या अंगणात गेले. ती उखळापाशी होती. मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं, बसले असते तर परत गप्प झाले असते. “मावशी, ताईचा निरोप आलाच नव्हता. पीक मी विकलं. क्लिवोनला या म्हटलं तेही खोटं. तुम्ही बाजारात असाल म्हणून मी वागेचा दिवस ठरवला.”

तिने मुसळ खाली ठेवलं.

“म्हणजे सुप्रिह बरी आहे?”

“बरी आहे.”

“पोटभर खाते?”

“खाते, मावशी.”

“देवाची कृपा,” म्हणाली आणि खाली बसली. डोळे पुसले. तुझ्यासाठी तिचा जीव किती टांगणीला लागला होता, ते मला तेव्हा कळलं. मी गाठोडं तिच्यापुढे ठेवलं. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि गाठोडं उचलून परत माझ्या हातात दिलं.

“मग हे तुलाच लागत असेल, वाकिनाह. घेऊन जा. पोरांना घाल. अजून लागले तर सांग, लाजू नकोस.”

टोमणा असता तर मी ओळखला असता, आपण दोघी टोमण्यांवरच वाढलो. तो टोमणा नव्हता. तिला खरंच वाटलं की माझ्या घरात खायला नाही. एरवी बाई असं का करेल, हे तिला सुचतच नव्हतं.

ती इतरांना काही सांगणार नाही. ते मी एकेकीच्या दारात जाऊन सांगणार आहे. हे पत्र टाकलं की आधी जुमिराहकडे. तिच्या तोंडून जे ऐकावं लागेल ते ऐकेन. तुझा तुकडा तू दुसऱ्या कुणाला कसायला दिलास तरी मी ब्र काढणार नाही.

दुपारी ते तांदूळ शिजवले. पोरांनी आवडीने खाल्ले, यांनी तर भात दोनदा मागून घेतला, म्हणाले, आज चांगला झालाय, कुठले तांदूळ? मी सांगितलं. सगळं सांगितलं. ते ताटावरून उठले नाहीत, पण पुढचा घास त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवला. मग मी माझं ताट वाढून घेतलं. खडा एकही नव्हता.

तुझ्या नावाआड लपलेली,
तुझी बहीण म्हणवून घ्यायला आज धीर न होणारी,
वाकिनाह