चषकावरची सर्वांत जुनी पट्टी

६ एप्रिल १९९१

आइस हॉकीचा चषक आला! ठेवला कुठे, तर मी स्केटांना धार लावते त्या खोलीत — सगळ्या स्टेडियमात धड कुलूप म्हणे तेवढ्याच दाराला. हात मागे बांधून उभी राहिले. जिंकल्याशिवाय हात लावायचा नसतो. भोवतीच्या पट्ट्यांवर कोरलेली विजेत्या संघांची, खेळाडूंची नावं मात्र वाचली. तासभर. लिंक्स, बीव्हर्स, आमचे मूस. टोलव्हर सलग तीनदा! टोलव्हरची खाण बुजली, घरं गेली, चर्चसुद्धा गेलं. संघ चांदीवर जसाच्या तसा. सर्वांत खालच्या, सर्वांत जुन्या पट्टीवर, १९५२ — टोइव्हो निएमी. बाबा.



७ एप्रिल

चषकाचा राखणदार व्हेलन म्हणतो, "पट्ट्या भरल्या, लेम्पीबाई. यंदा कोणीही जिंको, नव्या नावांसाठी सर्वांत जुनी उतरणार. टोरांटोला कपाटात जाईल."

"तिथे बघणार कोण? उंदीर?"

"तुम्ही जिंकलात तर धारवाल्याचंही नाव कोरतात. चषकावरची पहिली बाई व्हाल!"

बाबांना उतरवून मी चढू? सांगून टाकलं — माझं नाव घालायचं नाही. खबरदार!

११ एप्रिल

अंतिम फेरीत दोन्ही संघांनी सामने जिंकले तीन-तीन. उद्या शेवटचा.

१२ एप्रिल

जिंकलो!!

मधेच आमच्या बूशेच्या स्केटची धार गेली. "मावशी, लवकर!" "ओरडू नकोस, स्केट काढ." दिली लावून. जादा वेळेत तो वळला — त्या पात्याखाली बर्फ कापल्याचा आवाज मला ऐकू आला. पाच हजार माणसं, कोणी श्वाससुद्धा घेतला नाही. मग गोल!

पोरांनी चषक माझ्या हातात दिला. "उचल, मावशी!" उचलला. अंगठा बाबांच्या नावावर आला. रडले. चारचौघांत.

१४ एप्रिल

पट्टीचे स्क्रू गंजलेले. व्हेलनला जमेना, आला माझ्याकडे. "वडिलांची पट्टी... तुम्हाला चालेल ना?"

"गप बस. तेल दे."

मीच उतरवली. आतल्या बाजूला खिळ्याने कोरलंय. बाबांचंच वाकडं अक्षर. जिंकल्यावर चषक एक दिवस घरी मिळतो, तेव्हा पट्टी उतरवून केलं असणार. "इर्मा निएमी. सगळ्यांच्या धारा हिनेच लावल्या."

आई! जन्मभर याबद्दल एका शब्दाने बोलली नाही.

व्हेलनला म्हटलं — माझं नाव घाल. दोन घाल. तिचं वर.