नावाड्याच्या सिनेमातला सांधा

बाबा, आपल्या नावाड्याच्या सिनेमाची नवी डिस्क आली आहे. मूळ निगेटिव्हवरून साफ करून काढलेली, कुठे एक ओरखडा नाही. नावाड्याच्या बंडीची शिवण दिसते, त्याच्या बायकोच्या हातातल्या बांगड्या मोजता येतात, आणि आपण इतकी वर्षं जे धुकं समजत होतो ती पलीकडच्या काठावरची झाडं निघाली. आपल्या कॅसेटमध्ये तो सिनेमा काळा-पांढरा नव्हताच मुळी, तांदूळ धुतलेल्या पाण्याच्या रंगाचा होता. मला वाटलं होतं की तुम्ही असता तर ही डिस्क आधी तुम्हाला दाखवली असती. आता तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही तेच सांगायला बसले आहे.

मी आता काय करते हे तुम्हाला अर्धंच माहीत आहे. नागपुरात बसून जुन्या सिनेमांच्या डिस्क आणि हिपहॉपचे अल्बम यांच्या नव्या आवृत्त्या तपासते आणि त्यांच्यावर लिहिते. चित्र घासून घासून माणसांचे चेहरे मेणाचे केलेत का, आवाज उगाच फुगवलाय का, गाण्यातल्या शिव्या गाळून तिथे नुसती शांतता भरली आहे का. लोक मला खवट म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. कापलेली वस्तू हातात आली की माझं डोकं फिरतं. सिनेमातलं एक दृश्य कमी असो की गाण्यातला एक शब्द, मी सोडत नाही. पूर्ण देता येत नसेल तर देऊच नका, हे मी इतक्यांदा लिहिलंय की वाचणारे आता मला त्यावरूनच चिडवतात. हा खवटपणा आला कुठून असं कोणी विचारलं की मी तुमच्या दुकानाचा किस्सा सांगायचे. हसत सांगायचे, बाबा, चार माणसांत.

अड्याळच्या बाजारातली तुमची ती एका खोलीची व्हिडिओ कॅसेट लायब्ररी. धानाची शेती काकांच्या हवाली करून तुम्ही हे खूळ डोक्यात घेतलं, असं आजी जाईपर्यंत म्हणत राहिली. लोखंडी कपाट, त्याच्या दाराला आतून सायकलच्या ट्यूबची पट्टी डकवलेली, कारण दमट हवा शिरली की कॅसेटला बुरशी धरते. तुम्ही कॅसेटचं झाकण अंगठ्याने उचलून पट्टी उजेडाकडे धरता, तुटलेली जागा शोधता, ब्लेडने काप देता, चिकटपट्टी लावून नखाने घासता. तुमचा सांधा पडद्यावर डोळा लवायच्या आत निघून जायचा. पवनीहूनसुद्धा लोक तुटक्या कॅसेटी घेऊन तुमच्याकडे यायचे. आणि त्याच दुकानात, तुमच्याच हातची, नावाड्याची कॅसेट मात्र दर वेळी एकाच जागी उडायची. नावाड्याची बायको घाटावर कपडे धुते आहे, मुलगा कागदाची होडी घेऊन पायऱ्या उतरतो, आणि मग पडदाभर पांढऱ्या रेघा, खर्रर्र आवाज, की एकदम नावाडी पावसात एकटाच बसलेला. मुलाचं पुढे काय झालं ते कळायचंच नाही. मी आपलं ठरवून टाकलं होतं की तो मामाच्या गावी गेला असेल. गिऱ्हाइकं म्हणायची, "भाऊ, तुमची कॅसेट तिथं उडते जी." तुम्ही म्हणायचात, "पट्टी खराब हाये. नवीन आली का देतो." नवीन कधी आली नाही.

मग मी शिकायला नागपूरला गेले आणि शहाणी झाले. होस्टेलवरच्या मैत्रिणीची हिपहॉपची एक कॅसेट घेऊन सुट्टीत घरी आले, तुमच्याकडून कॉपी करून घ्यायला. तुम्ही हेडफोन लावून, डोळे मिटून, एक बाजू पूर्ण ऐकलीत. इंग्रजी एक अक्षर कळत नव्हतं तरी मान डोलत होती. मग म्हणालात, "हा गाऊन नाही राहिला, भांडून राहिला. पण तालात भांडून राहिला. आपल्या दंडारीच्या खेळातले गडी असेच भांडतेत." इतकं नेमकं हिपहॉपबद्दल मी आजवर लिहू शकलेले नाही. पण तेव्हा मला ते कुठलं कळायला? मी तुम्हाला त्यातल्या मधल्या मधल्या रिकाम्या जागा ऐकवल्या आणि तावातावाने म्हटलं की इथे शब्द कापलेत बाबा, ही फसवणूक आहे. तुम्ही पेन्सिल घालून कॅसेट गुंडाळत होतात. "कापणाऱ्यानं कोणाचा तरी इचार केला असन," म्हणालात. आणि मी, दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना, म्हणाले, "तुम्हाला तर एक कॅसेट धड जोडता येत नाही, तुम्ही काय सांगता?" तुम्ही पेन्सिल फिरवत राहिलात. त्या दिवशी कॉपी नेहमीपेक्षा छान करून दिलीत, कव्हरवर माझं नाव सुबक अक्षरात लिहून.

नोकरी लागल्यावर मी पहिली वस्तू घेतली ती त्याच सिनेमाची अस्सल व्हीसीडी, तुमच्यासाठी. मनात थोडा पश्चात्ताप होता आणि, खरं सांगायचं तर, थोडा तोराही होता. तुम्ही ती उलटसुलट पाहिलीत, सदऱ्याला पुसलीत आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलीत. "प्लेअर बिघडला हाये." पुढच्या खेपेलाही प्लेअर बिघडलेलाच. त्याच प्लेअरवर शेजारच्या काकूंना भजनं लावून देताना मी तुम्हाला पाहिलं, बाबा. मला फार लागलं. आईपाशी रडले की बाबांना माझ्या हातची वस्तू नको. आईने मला नुसतं जवळ घेतलं. तुम्ही गेलात तेव्हा त्या व्हीसीडीचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. हट्टी माणूस, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं.

या वर्षी मंडईला, दिवाळीनंतरच्या गावच्या जत्रेला, घरी गेले ती नवी डिस्क घेऊनच. दुपारची वेळ, सगळा गाव मंडईत. आई सुपात तांदूळ निवडत टीव्हीसमोर बसलेली. मी म्हटलं, "आई, बघ आता, आपला सिनेमा कसा दिसतो." आईचा तो फार आवडता. नावाडी आला, घाट आला, मुलगा कागदाची होडी घेऊन पायऱ्या उतरला. पांढऱ्या रेघा आल्या नाहीत. होडी पाण्यात सोडली, ती पुढे गेली, मुलगा तिच्यामागे एक पायरी उतरला, मग अजून एक. त्याची आई तिकडे पाठ करून कपडे आपटतेच आहे. पाण्यावर हात दिसला, पुन्हा दिसला, मग पाणी सारखं झालं. त्या वेळी मी काय पाहत होते, माहीत आहे? पाण्यावरच्या उजेडाचे बारीक कण किती सुंदर उतरलेत, ते. मग माझ्या लक्षात आलं की सुपाचा आवाज थांबला आहे.

"आपल्या कॅसेटमंदी हे नव्हतं," आई म्हणाली.

दादा तलावात बुडून गेला तेव्हा मी पाच वर्षांची होते. शिंगाड्याच्या वेलात पाय अडकला आणि आई तिथेच, दहा हातांवर, कपडे धूत होती, हे मला फार पुढे बाहेरच्यांकडून कळलं. घरात ही गोष्ट कोणी काढत नव्हतं. म्हणून ती मी विसरले होते असं नाही. पण सिनेमाशी तिचा संबंध जोडायला मला साफ केलेली डिस्क लागली आणि शेजारी बसलेली आई लागली. मी टीव्ही बंद करायला धावले तर म्हणाली, "राहू दे. झालं आता." मग तिनेच सांगितलं. दादा गेल्यावर काही महिन्यांनी तुम्ही ती कॅसेट घरी आणून, पेपर अंथरून, ब्लेड घेऊन बसला होतात. "मी इचारलं, काहून कापून राहिले जी? तं म्हणते, उंदरानं कुरतडली. लोखंडाच्या कपाटात कोठचा उंदीर? पट्टीच जुळून नव्हती राहिली त्यायची. मी म्हटलं, कुरतडली असन." आणि पुढची सगळी वर्षं तुम्ही दोघं शेजारी बसून तो सिनेमा पाहत राहिलात, तुम्ही खराब पट्टीचं सांगत आणि ती ते मानत.

मला तुमची माफी मागायची आहे, बाबा. त्या दुकानातल्या बोलण्याची, आणि चार माणसांत सांगितलेल्या त्या किश्श्याची. तुम्ही भर बाजारात कच्चा कारागीर म्हणवून घेतलंत, पोटच्या पोरीकडूनसुद्धा, पण ते दृश्य घरात येऊ दिलं नाहीत. आणि मी ते सगळ्यात स्वच्छ प्रतीत, मोठ्या पडद्यावर, आईसमोर आणून ठेवलं.

त्या डिस्कवर मी अजून एक ओळ लिहिलेली नाही. त्याऐवजी दुसरंच एक काम केलं, जे माझ्या वाचकांना कळलं तर ते मला दारात उभं करणार नाहीत. कॉम्प्युटरवर आईसाठी त्या सिनेमाची कॉपी काढली आणि घाटाची पायरी ते पावसातला नावाडी एवढा भाग कापून टाकला. इतक्या साधनांनी कापून, चारदा जोडूनसुद्धा सांधा उडतोच. परवा तिला ती लावून दिली. त्या जागी चित्राने उसळी मारली आणि आईने माझ्याकडे पाहिलं.

"काहून उडालं ओ तिथं?"

"प्रिंट खराब आहे, आई."

"असन," आई म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. "तुया बाबाची बी तिथंच खराब होती."

हे पत्र मी तुमच्या कॅसेटच्या रिकाम्या खोक्यात ठेवते आहे. आणि एक कबूल करते. तुमचा सांधा माझ्यापेक्षा चांगला होता.